भ. खांब

दप्तरीणबाईंनी जुन्या कागदांच्या रुमालाची गाठ सोडली तेव्हा डोक्यावर, माडीवरच्या सभागृहात, खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. जुन्या कचेरीला आज दीडशे वर्षं पूर्ण होत होती. अध्यक्षांना भाषणात दाखवायला एखादा जुना कागद हवा होता आणि तो ऐन वेळी हवा होता, कारण त्यांना सगळंच ऐन वेळी सुचायचं. बाईंनी हाताला लागला तो रुमाल ओढला. वर चिठ्ठी 'नालेसफाई', आत मात्र कचेरीच्या बांधकामाचे कागद. तीस वर्षं बाई या दप्तरखान्यात होत्या, पण नाल्यांचं बाड उघडायची हौस त्यांना कधी झाली नव्हती.

तिसऱ्या पानावर ओळ होती: "तळमजल्याचे आठही खांब भरावाचे. सबब माडीवर पंधरा असामींहून अधिक चढू देऊ नये."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षरं काही बदलली नाहीत.

भरावाचे. म्हणजे बाहेरून चार बोटं घडीव दगड आणि आत माती, विटांचे तुकडे, सापडेल ते. दुरुस्तीवहीत मात्र हा कागद लिहिणाऱ्याच कारकुनाने शाई वाचवत जागोजागी नुसतं 'भ. खांब' लिहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी गावाचा इतिहास लिहिला तेव्हा या 'भ.'चा अर्थ त्यांनी लावला, भरीव. वर्षानुवर्षं बंद असलेल्या माडीबद्दलच्या भाकडकथांना चांगलं झोडपूनही काढलं. पुस्तक गाजलं, माडीचं कुलूप निघालं. इमारत धडधाकट असल्याचा दाखला दिला तो त्यांच्याच धाकट्या भावाने, नगरपालिकेच्या इंजिनिअरने.

वर टाळ्या पडल्या. छतातून कागदावर चिमूटभर चुना पडला. वर तीनशे माणसं होती.

ओरडावं? 'पळा' म्हटलं की तीनशे माणसं एकदम उठणार, एकाच अरुंद जिन्याकडे धावणार, आणि खांबांना तेवढं निमित्त पुरणार. न ओरडावं, तर सभा अजून दोन तास चालणार. इकडे आड, तिकडे विहीर! त्यातही मनाच्या एका कोपऱ्यात विचार आलाच, की आता पुस्तकाचं काय, लोक काय म्हणतील. असल्या वेळी आपल्याला हे सुचतं, याची त्यांना स्वतःचीच किळस आली.

जिना चढताना त्या प्रत्येक पायरीवर पाऊल हलकं टाकत होत्या. आपण तीनशे एकावं माणूस आहोत, हे डोक्यातून जात नव्हतं.

"आलं बघा, आमचं चालतंबोलतं दप्तर आलं!" अध्यक्षांनी हसत माइक पुढे केला. "काय आणलंत, बाई?"

बाईंनी माइक हातात घेतला.

"फार दुर्मीळ कागद सापडलाय. खाली अंगणात दाखवणार आहे. पण गर्दी चालायची नाही. जिन्याजवळची रांग आधी. पाच-पाच जण, सावकाश. जो ढकलेल त्याला दिसणार नाही."

"बाई, शाळा भरवलीत की काय!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले, पण उठले. पहिले पाच गेले. मग पुढचे पाच.

पुढच्या रांगेतला भाऊ जवळ आला. "ताई, हे काय काढलंस मधेच?"

"खांब भरावाचे आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "मी चुकीचं वाचलं. तू ठोकून पाहिले होतेस ना?"

भावाने नजर खाली वळवली.

"पाहिले होतेस ना रे?"

"तुझं पुस्तक वाचलं होतं," तो म्हणाला. "तू लिहिलंस म्हटल्यावर..." मग तो जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि माणसं मोजून सोडू लागला.

पाऊण तास लागला. मधेच पायाखाली कुठेतरी वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तरी चेहऱ्यावर हसू ठेवून त्या म्हणाल्या, "या, पुढचे पाच या."

शेवटी राहिली काठी टेकत चालणारी एक म्हातारी. बाईंनी तिचा दंड धरला आणि एकेक पायरी उतरवत तिला अंगणात आणलं.

"कागद कुठाय?" लोकांनी गलका केला.

बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. "भरावाचे. मी भरीव समजले. मी चुकले. वर खोटं बोलले, कारण तुम्ही पळाला असता तर माडी खाली आली असती."

भाऊ तळमजल्यातून बाहेर आला. त्याने एका खांबाचा सांधा नुसत्या किल्लीने उकरून पाहिला होता. उघडलेल्या ओंजळीत कोरडी माती होती. ज्यांनी मुलांना वर नेलं होतं त्यांनी मुलांना पोटाशी धरलं.

म्हातारीने बाईंचा हात अजून सोडला नव्हता.

"आमचे हे इथले पहारेकरी," ती म्हणाली. "माडीची किल्ली देईनात. आधीची माणसं वर जाऊ नका सांगून गेलीत, एवढंच म्हणायचे. पालिकेने तुमचं पुस्तक तोंडावर धरलं आणि त्यांना घरी बसवलं."

"आहेत का ते?" बाईंनी भीतभीत विचारलं.

"गेले. पण इथे कार्यक्रम असला की जेवायचे नाहीत. दारात बसून राहायचे आणि रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, 'उतरली का हो सगळी?'"