रविवारची शिवण

प्रुत नदीवरचा पूल दिसला तसं मी इलिंकाचं डोकं उशीवर नीट ठेवलं. पूल ओलांडला की आमचा मोल्दोव्हा, पण आधी कस्टमचा नाका. उशीत पिसं होती आणि पिसांत तिच्या आकडीच्या औषधाच्या बाटल्या. आमच्या गावात हे औषध मिळत नाही, आणि एक वेळ जरी चुकली तरी माझी लेक डोळे फिरवते.

इटलीतल्या पादोवा शहरातलं म्हाताऱ्यांना सांभाळायचं काम सोडून मी कायमची घरी निघाले होते. गाडीमागच्या ट्रॉलीत माझं शिवणयंत्र, भांडी, गाद्या. रविवारी आमच्या गाड्या जिथून सुटतात त्या मैदानावर बायका म्हणाल्या, नाक्यावर औषधं काढून घेतात, एकीची तर कचऱ्यात टाकली. माझं धाबं दणाणलं. तिथंच बाकावर आईची जुनी उशी उसवली, बाटल्या आत सारल्या आणि शिवून टाकली. शेजारी बसलेल्या प्रोफिरामावशीनं छातीवर क्रूस केला आणि तोंड फिरवलं. रविवारी सुई धरू नये, हे काय मला ठाऊक नव्हतं?

नाक्यावर ट्रॉली उघडली. यंत्राला, गाद्यांना कुणी काही म्हटलं नाही. मग एक अधिकारी बाई गाडीत चढली. झोपलेल्या इलिंकाकडे बघून तिनं दृष्ट लागू नये म्हणून हलकेच थू थू केलं. वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिचं बोट उशीच्या कडेवर थांबलं.

"उशी जुनी, शिवण नवी. कधी घातलीस?"

खोटं बोलायचं होतं, पण बाजूच्या सीटवरून मावशी बघत होती.

"काल."

"काल रविवार होता, पोरी. आपल्यातली बाई रविवारी उगाच सुई धरत नाही. काय आहे आत?"

"लेकीचं औषध. ते घेऊ नका, बाई. यंत्र ठेवून घ्या, सगळं ठेवून घ्या."

तिनं डॉक्टरांचा कागद मागितला. तो तर माझ्या पर्समध्येच होता. बाटल्या हातात धरून हा दाखवला असता तर दुसरा प्रश्नच विचारला नसता, असं ती म्हणाली. पण लपवलेलं सापडलं, आता साहेबांना दाखवावं लागेल. उशी आणि कागद घेऊन ती गेली.

"बाटल्या उशीत शिवल्यास, अक्कल कुठं शिवलीस?" ड्रायव्हर गेनादी पुटपुटला.

"गप रे," मावशी म्हणाली. "तुझ्या सीटखाली काय शिवलंय ते सांगू का त्यांना?"

तो काच पुसायला लागला. दिवेलागण होत आली, औषधाची वेळ. इलिंका जागी झाली आणि उशी मागू लागली. तिची पापणी फडफडली. मी तिची मूठ धरून ठेवली, जणू मी धरली तर काही होणारच नाही. नाक्याचं दार उघडायचं, कुणीतरी दुसरंच बाहेर यायचं.

शेवटी ती आली. एका हातात पारदर्शक पिशवीत बाटल्या, काखेत फाटकी उशी.

"आधी तिला पाज," ती म्हणाली. "मग निघा."

चमचा इलिंकाच्या दातांवर वाजत होता. तिनं सगळं गिळलं.

पूल मागे पडला. गाडीभर पिसं उडत होती, एक गेनादीच्या कानावर बसलं होतं. मावशीनं आपल्याजवळची सुई काढून पुढं केली.

"घे, आज सोमवार आहे."

तीनदा प्रयत्न केला, दोरा ओवता आला नाही. मग मावशीनंच उशी मांडीवर ओढली. मी पिशवी पोटाशी धरून बसले, घर येईपर्यंत.