मांडीवरचं लेकरू

हरणाबाईच्या आईचा एकच फोटो होता, कोयनानगरचा. वडील तिथं धरणाच्या कामावर होते. रंगवलेल्या पडद्यापुढं आई खुर्चीत बसलेली, तिच्या मांडीवर कुंची घातलेलं लेकरू आणि शेजारी उभी वडिलांची बहीण, शालूआत्या. लेकरू म्हणजे हरणाबाईचा थोरला भाऊ बिरदेव, असं घरात सगळेच म्हणायचे. तो गोवरानं गेला, त्यानंतर हरणाबाई जन्मली. ती वर्षाची व्हायच्या आतच भूकंपात घर कोसळलं आणि आई गेली. वडील त्या फोटोकडं कधी बघायचेच नाहीत, म्हणून त्यांना विचारायला कुणी धजावलं नाही.

हरणाबाई साठीला टेकली, नातवंडांची झाली, तरी फोटो पुसताना तिला भावाचा हेवा वाटायचा. आईची मांडी त्याला मिळाली होती.

नात अपेक्षा जातपडताळणीसाठी वंशावळ काढत होती. दाखला मिळाला, पण तिचा नाद सुटला नाही. एके दिवशी ती म्हणाली, "आज्जी, आता तुझ्या माहेरची काढायची. शालूआत्याच्या घरी कोण हाय?"

"आष्ट्याला असतील माणसं. पर आमचं येणं-जाणं कवाच तुटलंय."

"का तुटलं?"

"कुणास ठावं. वडील सांगायचे न्हाईत."

अपेक्षानं फोनाफोनी करून घर शोधलं. दोघी तासगावहून एस.टी.नं आष्ट्याला गेल्या. शालूआत्या वारली होती, पण तिची थोरली जाऊ अंजनाबाई ओसरीत लसूण सोलत बसली होती. हरणाबाई दारातच थबकली.

"मी शालूआत्याची भाची. कोयनेची."

म्हातारीच्या हातातला लसूण तसाच राहिला. "हरणा? ये, ये गं बाई. तुझं नाव घेतल्याबिगर शालूचा दिस जात नव्हता."

मग तिनं सांगितलं. हरणाची आई गेल्यावर शालू भावाकडं गेली होती, पोर मला द्या, मी सांभाळते म्हणून. भावानं ऐकलं नाही. शब्दाला शब्द वाढला, आणि त्यानं बहिणीला परत दारात येऊ नको म्हणून सांगितलं.

 आपल्याला कुणी असं मागितलं होतं, हे हरणाबाईला ठाऊकच नव्हतं.

अपेक्षानं अंजनाबाईला हळूच विचारलं, "आत्याचं लगीन कवा झालं, आज्जी?"

"ठरलं हुतं भूकंपाच्या आदल्या साली. पर लग्नाच्या तोंडावरच बिरदेव गेला. तवा हिची आई पोटुशी हुती. मग लगीन फुडं ढकललं. भूकंपाच्या साली वैशाखात लागलं. पयल्या दिवाळीला शालू भावाकडं गेली, अन् फुडच्याच महिन्यात भूकंप झाला."

अपेक्षानं पिशवीतला फोटो काढला, मोबाईलमध्ये टिपून घेतला आणि दोन बोटांनी मोठा केला.

"आज्जी, आत्याच्या गळ्यात बघ."

काळे मणी, मधोमध डोरलं. आजवर त्या फोटोत जो तो आई आणि लेकरूच बघायचा. बाजूला उभ्या आत्याच्या गळ्याकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"लगीन झालेलं हाय आत्याचं. म्हंजे फोटो त्याच दिवाळीचा. बिरदेव तवा हुताच कुठं?"

हरणाबाईला उमजायला वेळ लागला. "मग हे कुणाचं प्वार?"

"तू हायस, आज्जी."

हरणाबाईनं मोबाईल बाजूला सारला आणि फोटोच हातात घेतला. आईच्या डाव्या हातात लेकराचं पाऊल होतं, अख्खं मुठीत धरलेलं. तिनं ते हजारदा पाहिलं असेल. आता तिचा हात नकळत स्वतःच्या पायाकडं गेला, आणि मग तिला रडू आवरेना. अपेक्षा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

अंजनाबाईनं तिला मनसोक्त रडू दिलं. मग भिंतीचा आधार घेत उठून आत गेली आणि सुनेला हाक मारली, "खण-नारळ काढ गं. शालूची भाची आलीया, वटी भरायची हाय."

हरणाबाईनं डोळे पुसून पदर पुढं केला. तांदूळ पदरात पडताना म्हातारी म्हणाली, "ह्या दिवाळीला जावईबापूस्नी घिऊन ये. चार दिस ऱ्हायच्या तयारीनं ये, उगं सांजच्या गाडीनं पळू नगंस."

"व्हय, येते की," हरणाबाई म्हणाली.