येलेन्या वनातले पितळी शिंग

मित्रांनो, मी एक जुने पितळी शिंग आहे. स्लोव्हाकियातल्या येलेन्या वनउद्यानाच्या सभागृहात, हरणांच्या दोन मुंडक्यांच्या मधोमध मी टांगलेले असते. हे उद्यान सगळ्यांचे. इथे सहली येतात, लग्ने लागतात, आणि पानगळ झाली की पलीकडच्या रानात रानडुकरांची शिकार होते.

वाद्ये बनवणाऱ्या एका कारागिराने पत्रा गोल वळवून मला घडवले. पुढे कितीतरी वर्षे इम्रिखने मला फुंकले. माझे इशारे ठरलेले असत: हाका सुरू, म्हणजे ओरडून जनावरे झुडपांतून उठवा, बंदुका खाली आणि शेवटी मेलेल्या जनावराला मानवंदना. लोक त्याला म्हणत, "इम्रिख, तुझं शिंग ऐकून डुकरंसुद्धा टोपी काढतात!" ही स्तुती मला आवडायची, लपवत नाही.

मग खिशाखिशात फोन आले आणि इम्रिखचे पुढचे दात गेले. मला भिंतीवर चढवले. सजावट करणाऱ्या बाईंनी माझ्या तोंडात प्लास्टिकच्या डहाळ्या खुपसून वर डिंक ओतला. माझ्याखाली उभे राहून नवरा-नवरी फोटो काढत. राग यायचा, पण शिंगाच्या रागाला कोण विचारतो?

नोव्हेंबरातला तो शनिवार. रानात शिकार होती आणि सभागृहात व्येरका आणि मातूशचे लग्न. कोणी पलीकडे जाऊ नये म्हणून रानाच्या वाटेवर नेहमीप्रमाणे लाल फीत बांधलेली होती. इकडच्या लग्नात नवरी पळवायची रीत आहे. मित्रांनी तिला लपवायचे आणि नवऱ्याने शोधून, दारू पाजून सोडवून आणायचे. हे एरवी रात्रीच्या जेवणानंतर चालते. पण मातूशचा मावसभाऊ ल्युबोश उतावळा. त्याने सूप वाढत असतानाच नवरीला पळवले आणि थोड्या वेळाने एकटाच हसत परत आला.

"काय रे मातूश, पहिल्याच दिवशी बायको हरवलीस?"

"सांग ना कुठं आहे. एक बाटली देतो."

"एका बाटलीत सोडवतोस? कंजूष! बरं, जा. लाल फितीपलीकडं झुडपांत बसवलीय. कुडकुडत होती, म्हणून माझा तपकिरी कोट दिलाय."

पाहुण्यांत जेवायला बसलेल्या म्हाताऱ्या इम्रिखच्या हातातला चमचा खाली पडला. "फितीपलीकडं? अरे गाढवा, तिकडं डुकरांचा हाका चाललाय!"

"मला वाटलं, फीत लग्नाचीच आहे..."

तेवढ्यात रानातून बार ऐकू आला. मातूश तसाच धावत सुटला. कोणी शिकाऱ्यांना फोन लावू लागले, पण ते होते त्या दरीत फोन लागत नाही. इम्रिखने खुर्चीवर चढून मला भिंतीवरून ओढले, डहाळ्या उपटल्या आणि अंगणात येऊन फुंकले. नुसती हवा निघाली.

"दात नाहीत रे मला," तो रडवेला होऊन म्हणाला.

तेव्हा व्येरकाचा मामा रुडो पुढे झाला. तो गावच्या अग्निशामक दलाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, पण आज तो नुसता पाहुणा होता आणि ट्रम्पेट घरी होते.

"आजोबा, आणा इकडं. चाल सांगा."

"‘बंदुका खाली’ वाजव! लांब, लांब, मग तुकडे. आणि थांबू नकोस, मामा आहेस ना तिचा!"

इम्रिख त्याच्या पाठीवर ताल धरून चाल गुणगुणत राहिला. पहिल्या फुंकीला माझ्यातून डिंकाचा खडा उडाला. दुसऱ्या फुंकीला मी वाजले. रुडोचे तोंड लालबुंद झाले तरी तो थांबला नाही.

त्यानंतर एकही बार झाला नाही. एक डुकरीण पिल्लांना घेऊन आरामात रस्ता ओलांडून गेली, असे शिकारी नंतर सांगत होते.

बऱ्याच वेळाने मातूश व्येरकाला घेऊन आला. तिच्या केसांत काटक्या अडकल्या होत्या आणि ती ल्युबोशवर भडकली होती. "किती वेळ बसवलंस रे! पाय गारठले माझे. सूप उरलंय का?"

त्यांच्या मागून गाश्पार नावाचा शिकारी आत आला. बंदूक दाराशी ठेवून तो मिळेल त्या खुर्चीवर बसला.

"तिचा तो कोट आधी काढा," तो म्हणाला. "झुडूप हललं. तपकिरी पाठ दिसली. माझं बोट चापावर होतं. मग हे शिंग वाजलं."

ल्युबोश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. व्येरकाने कोट उतरवला आणि तिच्यासाठी आणलेली सुपाची वाटी गाश्पारकडे सरकवली. त्याने चमचा बाजूला सारला आणि वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली.

उद्यानवाल्यांनी नंतर मला काचेच्या पेटीत ठेवायचे ठरवले. गाश्पारने साफ विरोध केला. "काचेतून वाजणार आहे का ते?" असे त्याने विचारले आणि पेटी आली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी, शाळेत एखादी घंटा, भोंगा, शिट्टी असेल, तर तिला फुलांनी बुजवू नका. पुसत जा, अधूनमधून वाजवून बघा. आता शिकारीच्या दिवशी गाश्पार पहाटेच येतो, मला उतरवतो, ओठ ओले करतो आणि दिवसभर टेकडीवर मला घेऊन उभा राहतो. तो फार बेसूर वाजवतो. त्याने ‘बंदुका खाली’ एवढा एकच इशारा शिकून घेतला आहे, आणि त्याची स्वतःची बंदूक त्या दिवसापासून त्याने उचललेली नाही.