पोटातला उजेड

मित्रांनो, मी एक म्हातारा माकूळ आहे, समुद्रातला छोटा स्क्विड. म्हातारा म्हणजे नऊ महिन्यांचा. आमच्यात एवढे आयुष्य पुष्कळ झाले. अंगठ्याएवढा माझा देह, पण जीव कधी एका जागी ठरला नाही.

किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या वाडग्यात माझा जन्म झाला. आमच्या पोटाशी एक छोटी पिशवी असते. समुद्रातले जिवाणू तिच्यात राहायला येतात आणि रात्री उजेड करतात. वरून चांदणे पडले की आमची सावली खालच्या माशांना दिसते. पोटातला उजेड ती सावली पुसून टाकतो, म्हणून आम्ही वाचतो. पण माझ्या वाडग्यातले पाणी गाळून घेतलेले होते, त्यात तो जिवाणू नव्हता. उजेडाशिवाय माकूळ कसा वाढतो, हे तिथल्या संशोधक बाईंना पाहायचे होते. शेजारच्या वाडग्यात न गाळलेले पाणी होते, तिथली भावंडे उजळली; माझ्या वाडग्यातले आम्ही सहाजण अंधारेच राहिलो.

दिवसा आमची जात वाळूत दडून झोपते. मला झोप येत नसे. कोणाची तरी वाट पाहतो आहे असे सारखे वाटे. कोणाची, ते कळत नसे. पंप सांभाळणारे काका कोळंबीची पिल्ले खायला टाकत आणि म्हणत, "वळवळ्या, अरे जरा टेक की."

चार महिन्यांनी प्रयोग संपला. बाईंनी सगळ्यांना खाडीत सोडायचे ठरवले. काकांनी बादली आणली आणि ते आमच्यापाशी थांबले.

"बाई, हे सहाजण असेच सोडायचे?"

"हो. का?"

"यांच्या पोटात दिवा नाही. मासे पहिल्याच रात्री फडशा पाडतील."

बाई वहीत लिहीत होत्या. "काका, एवढी मोठी झाल्यावर त्यांच्यात जिवाणू रुजतील याची खात्री नाही मला. आणि सोमवारी खोली रिकामी करून द्यायचीय."

"आज गुरुवार आहे. पाणी बदलायला असा कितीसा वेळ लागतो?"

बाईंनी पेन खाली ठेवले. "बदला."

काकांनी न गाळलेले समुद्राचे पाणी ओतले. त्या दिवशी काहीच झाले नाही. मी काचेला धडका देत राहिलो. दुसऱ्या संध्याकाळी पोटाशी बारीक हुळहुळ सुरू झाली. बाईंनी मला उजेड मोजायच्या काळ्या पेटीत ठेवले, यंत्राकडे पाहिले आणि काकांना हाक मारली. "या, बघा. लागला तुमचा दिवा."

रविवारपर्यंत पाचजण उजळले. सहावा उजळला नाही. त्याला बाईंनी आपल्या घरच्या टाकीत नेले.

आता मी खाडीत राहतो. इथेही चैन नाही. आमच्या जातीच्या रीतीप्रमाणे रोज पहाटे मी बहुतेक जिवाणू बाहेर सोडतो, आणि उरलेले थोडे संध्याकाळपर्यंत वाढतील ना, या घोरात दिवस काढतो. पलीकडच्या कपारीत माझ्या मादीने घातलेली अंडी आहेत. पिल्ले रिकाम्या पिशवीने जन्मतील. त्यांचा दिवा त्यांना पाण्यातूनच मिळायचा आहे. काल एका होडीवाल्याने साबणाच्या आणि तेलाच्या पाण्याची बादली नेमकी तिथेच उपडी केली. असल्या पाण्यात जिवाणू मरतात. मित्रांनो, पाण्यात विखुरलेला आमचा उजेड तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. बादली ओतण्याआधी एवढे ध्यानात असू द्या.

उद्या पहाटे मी त्या कपारीपाशी जाणार आहे. माझ्याजवळ आहेत तेवढे सगळे जिवाणू तिथेच सोडणार आहे.