नववं घर

सकाळी आठ वाजता टेरेझा आणि मी बोंबील टाकत होतो. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर लटकवायची. उत्तनच्या बायकांना हे काम डोळे मिटून येतं. टेरेझा तर डोळे उघडे ठेवूनही मिटल्यासारखंच करत असे. तिचं लक्ष कुठेच नसे, पण जोडी कधी चुकत नसे.

पाठीमागे, घराच्या पायरीवर, तिचा सात वर्षांचा गेविन चाळणी फिरवत बसला होता. तो बोलत नव्हता. ऐकू येत होतं, कळत होतं, पण तोंडातून शब्द येत नव्हता. आणि रोज दुपारी जेवायला बसलं की किंचाळायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. गेली चार वर्षं, एक दिवस खाडा नाही. पोटाचं औषध झालं, नऊ दिवसांच्या नोव्हेना-प्रार्थना झाल्या, नवस झाले. सुरुवातीला टेरेझा रडायची, मग चिडायची, मग तेही थांबलं. आता ती त्याच्या डोक्यामागे उशी धरायची आणि वाट बघायची. पायाला मुंग्या येऊन पाय पार बधिर झाला की वर कोणी बसलं तरी कळत नाही, तशी ती सगळ्या अंगानं झाली होती.

"मनोरमा," ती म्हणाली, "आज माझ्यासंगं मीरा रोडला येशील कं? मॅडमनी टॅबलेट घ्यायला सांगितलाय."

मॅडम म्हणजे उर्मिला मॅडम. मीरा रोडला अशा मुलांचं एक केंद्र आहे, तिथल्या. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, मोबाईलवर माहिती भरून भरून माझा अंगठा झिजलाय, म्हणून गल्लीत असलं काही निघालं की मला बोलावणं येतं. मीही फुशारकीनं जाते.

आधी केंद्रात गेलो. मॅडमनी त्यांचा टॅबलेट दाखवला. पडद्यावर नऊ घरं, प्रत्येक घरात चित्र. चित्रावर बोट ठेवलं की आतून आवाज येतो, "पाणी हवं," "बाहेर जायचं." गेविननं पाण्याकडे बघितलंही नाही. त्यानं उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "नको," टॅबलेट म्हणाला. पुन्हा ठेवलं. "नको."

"आठ घरांत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा," मॅडम म्हणाल्या. "पण हा कोपरा नकाराचाच ठेवा. तो सगळ्यात महत्त्वाचा. एक महिना बघू या. त्यानं वापरला तर त्याला रोजच्या वर्गात घेते. नाही वापरला तर ती जागा मला दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल, टेरेझाताई. रांग मोठी आहे."

टेरेझानं मान हलवली. ती का गप्प बसली ते मला ठाऊक होतं, मॅडमना नव्हतं.

तिच्या सासऱ्यांच्या, गॅब्रियलकाकांच्या घरात एक पाळणूक आहे. होडी दर्यात असली की घरातल्या माणसानं 'न्हाय' म्हणायचं नाही, 'नको' म्हणायचं नाही. मीठ संपलं तर "मीठ आनायचं हाय" म्हणायचं. पोळी जास्त झाली तर ताटावर हात आडवा धरायचा. काकांचा थोरला भाऊ एका सकाळी भांडून होडीवर गेला, आणि त्यांच्या आईनं दारातून ओरडून सांगितलं, "परत येऊ नको." तो आला नाही. होडीची एक फळीसुद्धा आली नाही. म्हातारी त्यानंतर वीस वर्षं जगली, पण तो शब्द तिनं पुन्हा तोंडात घेतला नाही, आणि घरात कुणालाही घेऊ दिला नाही. टेरेझाचा नवरा डेनिस आदल्याच दिवशी आठ दिवसांसाठी दर्यावर गेला होता.

दुकानात पोऱ्यानं आधी कार्टूनचं कव्हर असलेला गुलाबी टॅबलेट काढला. "आँटी, बच्चे के लिए यही लो. गेम एकदम मस्त चलेगा."

टेरेझानं मान आडवी हलवली. तो आणखी एक गुलाबी काढायला लागला. तिनं पुन्हा मान हलवली. हिंदीतलं 'नहीं'सुद्धा ती तोंडातून काढेना. शेवटी मीच मधे पडले, "नहीं चाहिए, भैया." माझा नवरा दर्यावर नव्हता, बँकेच्या दारात पहारा करत होता, त्यामुळे मला मोकळीक होती.

मग तिनं दोन साधे, स्वस्तातले टॅबलेट घेतले आणि सरळ दुकानाबाहेर रस्त्यावर नेले. पोऱ्या घाबरून मागे धावला. तिनं ते उन्हात धरले. एकाचा पडदा उन्हात काळा पडला, दुसऱ्याचा दिसत राहिला. वलांडीखाली, अंगणात, आमचा सगळा दिवस उन्हातच जातो. मग दोन्हींचा आवाज पूर्ण मोठा करून कानाशी धरला.

"ये रिक्षा के आवाज में भी सुनाई देता है," ती म्हणाली. "ये दे दो."

"इसका मेमरी कम है, आँटी."

"उसको याद सब रहता है. बोलने का चाहिए."

पोऱ्या बिल करायला वळला. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा टेरेझाकडे नीट बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर आम्ही तो चालू केला. टॅबलेट काय काय विचारतो बाई. मुलाची जन्मतारीख घातली तर म्हणाला, हा लहान आहे, आईचं खातं दाखवा. टेरेझाचं खातं नव्हतं, ते उघडलं. पासवर्ड विचारला, तिनं होडीचा नंबर सांगितला. बोंबलाच्या हातानं पडदा दाबला तर तो ऐकेना, तेव्हा प्रत्येक वेळी साबणानं हात धुऊन यावं लागलं. गेम काढले, व्हिडिओ बंद केले, बोलणारं ॲप तेवढं ठेवलं आणि ते पडद्यावरच अडकवून टाकलं, म्हणजे गेविन दुसरीकडे जाऊ नये. काकांनी जाळ्याच्या दोऱ्यानं त्याच्यासाठी एक पिशवी विणली, गळ्यात अडकवायला. गाठी अशा घट्ट की होडी बांधावी.

ॲपमधला आवाज शहरातल्या कुठल्या तरी बाईचा होता. "मला जेवण हवं आहे," ती म्हणाली, आणि काका हसले.

"आपले घरान असा कोन बोलतंय? टेरेझा, तू भर."

मी फोटो काढले, टेरेझानं आवाज भरला. पानी. जेवान. बाहीर. निजायचं. शू. आय. पप्पा. आजा. प्लॅटफॉर्मवर गाडीची सूचना होते तसा तो आवाज होता. तिचा तिलाही ऐकवेना. आठ घरं झाली. नववं राहिलं.

मी तिच्याकडे बघितलं, तिनं काकांकडे. काका पिशवीची शेवटची गाठ मारत होते.

"ते डेनिस आयला की भरू," ते म्हणाले.

मीही हो म्हणाले. मी हिंदू कोळीण, ते ख्रिस्ती, पण दर्या दोघांचा एकच. मॅडमचं म्हणणं मला आठवत होतं आणि तरी मी हो म्हणाले, हे आज कबूल करते.

पुढचे चार दिवस मी बघत होते. गेविन पिशवी गळ्यात घालून फिरायचा, ती काढू द्यायचा नाही. पण घरांवर बोट ठेवायचा नाही. जेवायला बसवलं की टेरेझा त्याचं बोट धरून पाण्यावर ठेवायची. "पानी," टॅबलेट तिच्याच मेलेल्या आवाजात म्हणायचा. तो बोट सोडवून घ्यायचा आणि खालच्या कोपऱ्यात, रिकाम्या घरावर, टेकवायचा. काहीच वाजायचं नाही. पुन्हा टेकवायचा.

"खेलतोय," टेरेझा म्हणायची. "त्याला काय समजत हाय कं ठाऊक. जाऊ दे, मनोरमा. त्या दुसऱ्या पोराला मिलू दे जागा."

ती हे सांगताना कांदा चिरत होती आणि तिच्या डोळ्यांत कांद्याचंही पाणी नव्हतं. मला तिचा राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. माणूस इतकं कोरडं होऊ शकतं हे मी शेजारी राहून बघत आले होते आणि काही करू शकले नव्हते.

शनिवारी दुपारी मी पीठ मागायला गेले तेव्हा जेवणं चालली होती. टेरेझानं गेविनसमोर ताट ठेवलं. भात आणि त्यावर सुक्या बोंबलाचं कालवण. आमच्याकडे दुपारी दुसरं काय असतं? वलांडीवरून उतरलेलं, घरचं. त्यानं ताटाकडे बघितलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग जोरात. मग तो मुठीनं टॅबलेट बडवायला लागला, त्याच एका कोपऱ्यावर. मग किंचाळला आणि डोकं मागे भिंतीवर गेलं. टेरेझानं रोजच्यासारखी उशी धरली.

काका ताटावरून उठले.

म्हाताऱ्यानं साठ वर्षं जाळ्यावर तरंगणाऱ्या बोयांकडे बघण्यात घालवली आहेत. कुठली बोय हलली, कुठली नुसती लाटेनं डुलली, हे त्यांना कळतं. ते मला म्हणाले, "मनोरमा, चार दिस मी बघतंय. पानी पितानी तो गप असतंय. ताट आयला की तो त्या कोपऱ्यावं जातंय. ते घर कसा भरायचा?"

"काका," मी म्हणाले, "डेनिस दर्यावं हाय."

"मना ठाऊक हाय माजा पोर कुठं हाय."

मी टॅबलेट गेविनच्या गळ्यातून काढला. हात धुतले नव्हते, पडदा दोनदा चुकला. नववं घर उघडलं आणि लाल बटण दाबून त्यांच्यापुढे धरलं. काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. दारातून दर्या दिसतो. त्याच्याकडे त्यांनी पाठ केली. गेविन भिंतीवर डोकं आपटतच होता. मग त्यांनी एकदा घसा खाकरला.

"न्हाय," काका म्हणाले.

टेरेझाच्या हातातून उशी पडली.

मी ते साठवलं आणि पिशवी पुन्हा गेविनच्या गळ्यात घातली. त्यानं हुंदके देत कोपऱ्यावर बोट ठेवलं. आतून म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला, खाकरण्यासकट.

"न्हाय."

गेविन थांबला. डोकं भिंतीला टेकून तसाच राहिला. मग त्यानं ताटाकडे बघितलं आणि पुन्हा दाबलं. "न्हाय."

टेरेझा खाली बसली. तिनं ताटातून बोंबलाचा एक तुकडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"बोंबील?" तिनं विचारलं.

"न्हाय."

तिनं ताट उचललं, मोरीत रिकामं केलं, दुसऱ्या ताटात नुसता पांढरा भात वाढला आणि मीठ टाकलं. गेविननं ते ताट जवळ ओढलं आणि खायला लागला. दोन घास, तीन घास. भाताचं शीत नाकाला लागलं होतं. चार वर्षांत त्या घरात दुपारी पहिल्यांदा फक्त चावण्याचा आवाज येत होता.

"चार वरसं," टेरेझा म्हणाली. "चार वरसं मी त्याला रोज तेच वाढलं. आनि वर उशी धरली." मग ती रडायला लागली. मोठ्यानं, नाक पुसत, लाज सोडून. बधिर पाय पुन्हा जागा होताना जे दुखतं, ते मी तिच्या तोंडावर बघितलं. मी तिला गप्प केलं नाही. माझंही पीठ न्यायचं राहून गेलं.

काका त्या दुपारी जेवले नाहीत. काठी घेऊन किनाऱ्यावर गेले आणि उपड्या होडीला टेकून बसले. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर पुन्हा तिथेच. टेरेझानं ताट नेलं तर त्यांनी त्यावर हात आडवा धरला. वारा वाढला की मान वर करायचे. मी रात्रीपासून मनातल्या मनात एकवीरेला सांगत होते, की शब्द म्हाताऱ्याचा होता पण बटण मी दाबलं, काय हिशेब असेल तो माझ्याशी कर.

सोमवारी दुपारी होडी दिसली. डेनिस खारानं पांढरा झालेला चेहरा घेऊन घरी आला, मागून काका काठी टेकत. बायकोला, बापाला काही विचारण्याआधी तो पायरीवर बसलेल्या गेविनपाशी गेला. त्याच्या टोपलीत ओले, चकचकीत बोंबील होते. त्यानं एक उचलून पोराच्या नाकासमोर नाचवला. तो दर वेळी असंच करायचा.

"बघ, पप्पानं तुना काय आनलाय. खातंस कं?"

"न्हाय," गॅब्रियलकाकांचा आवाज आला.

डेनिसचा हात जागच्या जागी राहिला. पस्तीस वर्षांचा झाला तो, पण त्या घरात, त्या आवाजात, तो शब्द होडी किनाऱ्याला असतानाही त्यानं क्वचितच ऐकला असेल. तो वळला आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. काकांचं तोंड मिटलेलं होतं. डोळे मात्र वाहत होते आणि ते पुसायलाही ते हात उचलत नव्हते.

"माज्याकडं काय बघतंस," ते म्हणाले. "मी गप हाय. तुजा पोर बोलतंय."