मशीनच्या पायांखालचं रबर

भिंतीवर काठी वाजली की टेलरबाई मशीनवरचा पाय काढायची. पलीकडे घड्याळकाका. घरीच बसून घड्याळं दुरुस्त करायचे. इकडे हिने पायमशीन चालवली की फरशी थरथरायची आणि तिकडे त्यांच्या टेबलावरचे तिळाएवढे स्क्रू उड्या मारायचे. मग ठक ठक ठक! काकांचंही चुकत नव्हतं म्हणा. पण बाईने काय हवेवर जगायचं?

शेवटी तिने कंबर कसली. शिवणाच्या खोलीत मधल्या भिंतीला जुन्या गाद्या ठोकल्या, खिडकीत फोम कोंबला, दाराच्या कडांना फेल्टच्या जाड कापडी पट्ट्या चिकटवल्या, खालच्या फटीत चिंध्यांची वळकटी. मशीनच्या चारही पायांखाली जाड रबर. फेल्टच्या जाडीमुळे दार खालून नीट बसेना, म्हणून काम नसताना ते ओढून धरायला बाहेरून खालीच एक कडी बसवली. जमिनीपासून दीड हातावर! तेव्हा कुठे सुचतंय माणसाला?

काठी थांबली. दहा दिवस एक ठोका नाही. बाई खूश.

अकराव्या दिवशी सकाळी तिने गॅसवर दूध ठेवलं, ठमीच्या पुढ्यात चमचे टाकले आणि "आलेच गं सोने," म्हणत दोऱ्याचं रीळ आणायला आत गेली. ठमी, तिची लेक, दोन वर्षांची. तिला नवं खूळ लागलं होतं, कडी दिसली की सरकवायची. ती मागोमाग आली आणि दार लोटलं. खट्.

"ठमे, कडी काढ बघू!"

बाहेरून काही नाही. पोरगी हसतेय की रडतेय तेही कळेना. आपल्याच हाताने खोली अशी बंद केली होती की आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. फोन स्वयंपाकघरात. नवरा गाडी घेऊन परगावी गेलेला. तिने दाराला खांदा दिला, दार हललं नाही. खिडकीतला फोम ओढून काढला आणि गजांतून ओरडली. समोर हातभर बोळ नि आंधळी भिंत. गाद्यांवर मुठी आपटल्या तर धप्प, धप्प, उशीवर मारल्यासारख्या.

मग तिने दाराखालची वळकटी उपसली आणि फटीला नाक लावलं. आधी करपलेल्या दुधाचा वास आला. मागोमाग गॅसचा. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि तिची ठमी त्याच हवेत बाहेर होती.

देवा रे! ठमी झोपली तर? तिला झोप लागली तर ती पुन्हा उठायची नाही.

ती मशीनकडे धावली. चारही पायांखालचं रबर ओढून फेकलं, मशीन भिंतीला भिडवली, दोरा न ओवताच पाय मारायला लागली. लोखंडी पाय फरशीवर नाचू लागले. खडखड खडखड! पोटऱ्या भरून आल्या, तरी पाय थांबेनात. मारा काठी, काका. चिडा. शिव्या द्या, पण या हो! पुढचं दार गिऱ्हाइकांसाठी नेहमी नुसतं लोटलेलं असे, त्याच एका आशेवर ती होती.

काठी काही वाजेना. काका घरात नाहीत की काय? ती रडत रडत पाय मारत राहिली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खट् झालं आणि दार उघडलं. काका उभे होते, एका डोळ्याला भिंग तसंच, कडेवर ठमी. पोरगी मलूल होती, पण खोकत होती. खोकत होती!

"गॅस बंद केलाय. खिडक्या उघडल्यात. आधी हिला घेऊन बाहेर चल," काका म्हणाले.

जिन्यात बाईने ठमीला छातीशी इतकं दाबलं की पोर कळवळून रडली. ते रडणं ऐकून बाईच्या जिवात जीव आला.

काका पायरीवर मटकन बसले. डोळ्यावरचं भिंग काढून त्यांनी मुठीत धरलं.

"आवाज तर मला पहिल्यापासून येत होता," ते खाली बघत म्हणाले. "काठी उचललीही होती. मग म्हटलं, पोरीने आपल्यासाठी दहा दिवस आवाज होऊ दिला नाही, एक दिवस आपणही सहन करावं. दहा मिनिटं सहन केलं गं मी."

बाई ठमीला घेऊन त्यांच्या शेजारी बसली.

"काका," ती म्हणाली, "पाया पडते तुमच्या. यापुढे सहन करू नका."