छत बंद करायचंय

त्या आठवड्यात आमच्या पेर्निक गावात रोज दुपारपासून गाड्यांचे भोंगे वाजत होते. मे संपत आला की बारावीची मुलं शाळेचा निरोप घेतात. नटूनथटून मेजवानीला निघतात आणि जाताना गाड्यांच्या खिडक्यांतून, छतांतून कमरेपर्यंत बाहेर येऊन गावभर आकडे ओरडतात. एक ते बारा, बारा इयत्तांचे. आमच्या वेळीही हेच होतं. माझा तर दोन दिवस आवाज बसला होता.

त्यातल्याच एका सकाळी क्रस्त्यो स्तानोएव आपली राखाडी गाडी घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आला. पन्नाशी उलटलेला, अंगाने थोराड माणूस. शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. गाडीतून उतरल्यावर त्याने मागचं दार उघडलं, सीटवरची घोंगडी नीट केली आणि दार अगदी हळू लावलं. आत कुणी झोपलेलं असावं तसं. आत कुणी नव्हतं.

"छत बंद करायचंय," तो म्हणाला.

छतात सरकणारी काच होती, मागच्या सीटपर्यंत जाणारी मोठी.

"गळतंय का, काका?"

"नाही."

"मग सरकत नसेल. रुळात माती जाते, मी साफ करून देते."

"सरकते. चांगली सरकते." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. "काच काढा, पत्रा बसवा, वरून तो तुमचा काळा कार्बन लावा. लोक म्हणतात, झोर्नित्साने लावलेलं निघत नाही."

लोक म्हणतात ते खरं आहे. आठ वर्षं मी ग्लायडर बनवणाऱ्या कारखान्यात कार्बन फायबरवर हात बसवला आणि मग जुन्या खाणीच्या रस्त्यावर हे वर्कशॉप टाकलं. बॉनेट, आरसे, छतं. छताचं काम असं, की कार्बनच्या विणलेल्या तंतूंचा पातळ पत्रा मूळ छताच्या आकारात घडवून घ्यायचा, छत घासून खरखरीत करायचं आणि गाडीच्या काचा चिकटवतात त्या काळ्या गोंदाने पत्रा वर बसवायचा. एकदा गोंद धरला की छत कापल्याशिवाय तो सुटत नाही.

माझ्याबरोबर मिंचो असतो. साठीचा, खाणीतला जुना फिटर. हात स्थिर, जीभ मात्र मुळीच स्थिर नाही.

"उन्हाळा तोंडावर आलाय आणि हा गडी खिडकी लिंपतोय," तो मला ऐकू जाईल इतपत पुटपुटला. "बायकोने हवा लागू देऊ नकोस म्हणून सांगितलं असेल."

क्रस्त्योने ते ऐकलं असावं, पण तो हसला नाही. "मी इथेच थांबतो," म्हणाला.

"उद्या संध्याकाळपर्यंतचं काम आहे, काका. फोन करीन ना मी."

"थांबतो." आणि अंगणातला पालथा क्रेट ओढून, गाडी दिसेल असा तो बसला.

गाडी आत घेतली तेव्हा ती मागून खाली बसलेली दिसली. चांगली दोन बोटं. मिंचोने डिकी उघडली, रिकामी. खाली वाकून स्प्रिंगा पाहिल्या, धडधाकट. "म्हातारी झालीय, दुसरं काय," तो म्हणाला, पण टायरपाशी जरा जास्तच वेळ उभा राहिला.

काच काढायला तास गेला. मग मी छत घासायला घेतलं. घासून झाल्यावर स्पिरिटच्या फडक्याने पुसायचं असतं, धुळीचा कण राहिला तरी गोंद दगा देतो. मी पुसलं. स्पिरिट उडून गेलं आणि उघड्या भोकाच्या दोन्ही बाजूंना, पत्र्यावर, दोन तळवे उमटले.

उजवा इकडे, डावा तिकडे. बोटं बाहेरच्या बाजूला. भोकातून वर उभं राहिलेलं माणूस तोल सावरायला हात टेकतं, तसे. लहान, निमुळत्या बोटांचे.

वाटलं, कुणाच्या तरी हाताचा तेलकटपणा रंगात मुरलाय. पुन्हा घासलं, पुसलं. स्पिरिट उडालं, तळवे आले. काचेवर टाकलेल्या श्वासासारखे, कडेकडेने, सावकाश. तिसऱ्यांदा मी फडकं बदललं. चौथ्यांदा मी माझा हात त्या ठशावर ठेवून पाहिला. पत्रा सावलीत होता, बाकी सगळीकडे गार. तेवढ्या जागी ऊब होती.

"मिंचोकाका, इकडे या जरा."

त्याने पाहिलं. एक बोट ठशाजवळ नेलं आणि मागे घेतलं. मग दुपारच्या चहाच्या निमित्ताने बाहेर गेला आणि परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने.

"त्याचं आडनाव स्तानोएव ना? कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दाराला श्रद्धांजलीचा कागद लागलाय. 'तीन वर्षं तुझ्याविना.' रादिना स्तानोएवा, अठरा वर्षांची. हिरवा झगा घातलेला फोटो आहे." त्याने आवाज खाली आणला. "मला आठवतंय ते, पोरी. रेल्वेच्या पुलाखाली. बाप चालवत होता, पोरगी छतातून बाहेर उभी, आकडे ओरडत. कुत्रं आडवं आलं म्हणून त्याने ब्रेक मारला."

मी बाहेर पाहिलं. क्रस्त्यो क्रेटवर बसून गाडीकडे बघत होता. त्याने दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

काम सोडून द्यावं असं मनात आलं. पण मला वाटलं, बिचाऱ्याला ते भोक रोज डोळ्यांसमोर नको असेल. कुणाला हवं असेल? बंद झालं तर तो सुटेल. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही भोकावर पोलादी पत्रा बसवून रिव्हेट मारले आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कार्बन चढवायला घेतला.

गोंदाच्या काळ्या वळ्या मी कडेने टाकल्या, मधे नागमोडी टाकल्या, दातेरी पट्टीने पसरल्या. दोघांनी दोन बाजूंनी कार्बनचा पत्रा उचलला, आधी पुढची कड टेकवली, मग हळूहळू मागे सोडला. सुंदर बसला. विणीवरून उजेड पाण्यासारखा सरकत गेला. वर घोंगड्या टाकून वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि गाडीच्या दारांतून पट्टे घेऊन आवळले.

तेव्हा आकडे ऐकू आले.

"एक. दोन. तीन."

रस्त्यावरून पोरांची गाडी चालली असेल, असं वाटलं. त्या दिवशी सारख्या गाड्या जात होत्या. पण भोंगा नव्हता, आणि आवाज एकटा होता. मुलीचा. हसू दाबत ओरडावं तसा, पण लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

"सात. आठ. नऊ."

मग काही नाही. मग पुन्हा, एकपासून.

मिंचोने जाऊन मोठं दार लोटून घेतलं. रस्त्याचा गोंगाट बंद झाला. आकडे बंद झाले नाहीत. उलट स्वच्छ झाले. मी वाकून कार्बनजवळ कान नेला. आवाज पत्र्याखालून येत होता, आणि दर आकड्याला माझ्या गालाखालचा पत्रा किंचित, अगदी किंचित, वर उचलला जात होता. पस्तीस किलो वाळूसकट.

"नऊ," आणि शांत.

मिंचोने छातीवर क्रूस काढला. "मी बाहेर आहे," म्हणाला आणि खरंच गेला.

मी तशीच उभी होते. इतक्यात अंगणात बाईमाणसाचा आवाज चढला. दार उघडून पाहते तर काळ्या कपड्यांतली एक बारीक बाई क्रस्त्योसमोर उभी. काल सकाळपासून नवरा घरी आला नाही म्हणून शोधत आलेली त्याची बायको, मिल्का.

"गाडी कुठाय? काय करतोयस इथे?"

"छत दुरुस्त करतोय."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी!" तिने मला पाहिलं. "पोरी, काय सांगितलंय याने तुला?"

"बंद करायला सांगितलंय, काकू. कायमचं."

ती माझ्या अंगावरून आत आली, आवळलेलं छत पाहिलं, आणि ऐकलं. मी तिचा चेहरा पाहत होते. तिला नवल वाटलं नाही.

"घरीही येतो आवाज," ती मला म्हणाली. "तीन वर्षं. रोज काच आपोआप सरकते. मोटर काढून टाकली तरी सरकते. ती बाहेर पडायला बघते आणि हा उठून पुन्हा लावतो." मग वळून नवऱ्याला म्हणाली, "आता डबीत घालून झाकण चिकटवतोयस होय रे?"

क्रस्त्यो दारात उभा होता. मला वाटत होतं तो चिडेल. तो अगदी समजुतीच्या सुरात बोलला.

"आत असली की सुरक्षित असते, मिल्का. बाहेर आली की पडते. मी तिला तेव्हाच म्हणालो होतो, बाळ, आत बस. म्हणालो होतो ना मी?"

"म्हणाला होतास."

"मागे बसून राहील. मी हळू चालवीन. मी वीसच्या वर जातच नाही."

माझ्या अंगावर काटा आला तो इथे. आकड्यांनी नाही आला. त्याला ती जायला नको होती. मी दोन दिवस राबून त्याची पोरगी त्याला कोंडून देत होते.

मी गोंदाच्या कडेला नख लावून पाहिलं. वर साय धरायला लागली होती, आत अजून मऊ होतं. फार तर पाच-दहा मिनिटं.

"क्रस्त्योकाका," मी म्हटलं, "गाडी तुमची आहे, छत तुमचं आहे. पण हे मी पुरं करणार नाही. आत्ता उचललं तर निघेल. नंतर माझ्याच्याने निघायचं नाही."

"ती नऊला थांबते रे," मिल्का म्हणाली. आता तिचा आवाज मऊ झाला होता. "दर वेळी नऊला. किती वेळा थांबवशील?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग पुढे झाला आणि स्वतः एक पट्टा सोडला. मी दुसरा सोडला. मिंचो कुठून आला कळलं नाही, पण तो पिशव्या उतरवत होता. कार्बन उचलला तेव्हा गोंदाचे काळे तंतू हातभर ताणले गेले आणि तुटले. मिंचोने ड्रिलने रिव्हेट उडवले. शेवटचा निघाल्यावर पोलादी पत्रा मला उचलावाच लागला नाही. तो एका बाजूने आपणच वर झाला, घसरला आणि फरशीवर आदळला.

त्यानंतर मी जे पाहिलं ते एवढंच: गाडी मागून वर आली. दोन बोटं. पाठीवरचं ओझं उतरवल्यावर हमाल सरळ होतो तशी, सुस्कारा टाकून. भोकाच्या कडेवरची धूळ एका जागी झाडली गेली. वर्कशॉपमध्ये स्वस्त हेअरस्प्रेचा वास पसरला, पोरी निरोपाच्या दिवशी केसांवर मारतात तो, आणि उघड्या दारातून निघून गेला. कुणी मोजलं नाही. मोजलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

मिल्का दारापर्यंत त्या वासामागे गेली आणि तिथेच थांबली.

क्रस्त्योने मागचं दार उघडलं. घोंगडीवरून हात फिरवला, सीटवर दाबून पाहिला. मग तो आत बसला, जिथे ती बसायची तिथे, आणि पहिल्यांदाच रडला. मोठ्याने, लाज न बाळगता, खाकरत, नाक पुसत. मिल्का त्याच्या शेजारी जाऊन बसली. आम्ही दोघं अंगणात गेलो.

गाडी दोन आठवडे माझ्याकडेच राहिली. छताला भोक घेऊन पावसात नेणार कुठे? जूनमध्ये क्रस्त्योनेच फोन करून सांगितलं, बंद करून टाक, पाणी जाईल. मी आधीचा गोंद खरवडला, छत पुन्हा घासलं, स्पिरिटने पुसलं आणि श्वास रोखून थांबले. छत कोरडं झालं. कोरडंच राहिलं. कार्बन एका दुपारीत बसला. मिंचो सबंध वेळ सरकारला शिव्या घालत होता. म्हणजे सगळं ठीक होतं.

क्रस्त्यो न्यायला आला तो वरची गुंडी उघडी टाकून. त्याने छतावर कान टेकला आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"काहीच नाही गं," तो म्हणाला. आनंदाने नाही, पण नेटाने.

मग त्याने विचारलं, की गाडी धुवायच्या मशिनमधून नेली तर चालेल का. मी म्हटलं, महिनाभर नको. हातानेच धुवा.